धडगावचे बुडीत आणि धनकोची जबाबदारी

नोकराने कामावर असताना केलेल्या चुकीची भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व न्यायालयांत जुनेच आहे. कर्ज देणारा धनको मात्र त्यापासून फार काळ अलिप्त राहिला. पैसे आमचे, काम तुमचे, मग नुकसानही तुमच्याच माथी, असा त्याचा हिशेब. हा हिशेब ज्या ठिकाणी पहिल्यांदा जोरात हादरला, त्यांत धडगाव (अक्राणी) आणि अक्कलकुवा तालुक्यांतला नर्मदाकाठ येतो. हा काठ बुडवणाऱ्या सरदार सरोवर धरणाचा इतिहास आपण आंदोलनाचा म्हणून सांगतो. जबाबदारीच्या कायद्याचा म्हणून सहसा सांगत नाही.

नर्मदा पाणीतंटा लवादाच्या 1979 च्या निवाड्याने धरण गुजरातचे असल्याने महाराष्ट्रातल्या विस्थापितांच्या पुनर्वसनाचा खर्च गुजरातवर टाकला आणि पुनर्वसनाआधी बुडीत नाही, अशी अट घातली. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातली 33 गावे बुडितात येत होती. 1985 साली जागतिक बँकेने सुमारे 45 कोटी डॉलर मंजूर केले आणि पुनर्वसनाच्या अटी करारातच लिहिल्या. कागद पक्का होता, पण डोंगरातली जमीन त्या कागदात मावत नव्हती. पावरा आणि भिल्ल कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेली कितीतरी नेवाडे (जंगलात काढलेली शेते) वनजमिनीवर होती. सातबारा नाही, म्हणून कसणारा अतिक्रमणदार ठरे आणि जमिनीला जमीन मागण्याचा त्याचा हक्क लंगडा पडे. बँकेनेच नेमलेल्या मोर्स आयोगाने जून 1992 च्या अहवालात राज्यांच्या उणिवांबरोबर बँकेचाही दोष दाखवला: स्वतःचेच नियम तिने पाळले नव्हते. मार्च 1993 मध्ये भारताने उरलेले कर्ज नाकारले आणि त्याच सप्टेंबरात बँकेने तक्रारी ऐकणारे स्वतंत्र तपासणी मंडळ स्थापन केले.

यावर आक्षेप असा की, हप्ता देणाऱ्याला कर्त्याच्या जागी बसवणे अन्यायाचे आहे. उद्या कोणी कर्जच देणार नाही. पण इथला धनको नुसता हप्ता देणारा नव्हता. अटी त्याने लिहिल्या, पाहणी पथके त्याने पाठवली, पुढचा हप्ता रोखण्याची ताकद त्याच्याकडे होती. जिथे लगाम हातात आहे, तिथे जबाबदारी नाकारता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे: बँक गेली, तरी धरण वाढले, 2017 मध्ये 138.68 मीटरवर त्याचे लोकार्पणही झाले. मग बँकेला जाब विचारून काठावरच्या माणसाला काय मिळाले? हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यातून निघतो तो निष्कर्ष उलटा आहे. धनको बाहेर पडला की जबाबदारीही संपते, ही पळवाट बंद करायला हवी होती. तपासणी मंडळाच्या मूळ ठरावात तर 95 टक्के कर्ज वाटून झाले की तक्रारीचे दारच बंद होई; 2020 मध्ये ती मुदत कर्ज बंद झाल्यानंतर 15 महिन्यांपर्यंत वाढवली गेली.

पुढची पायरी न्यायालयात चढली गेली. कच्छमधल्या मुंद्रा वीजप्रकल्पाविरुद्ध तिथल्या मच्छीमारांनी, त्या प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँक गटातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाला अमेरिकेत खेचले आणि 2019 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा संस्थांना सरसकट अभय नसल्याचे सांगितले. नंतर खालच्या न्यायालयांनी तो दावा फेटाळला. तपासणी मंडळालाही आजवर कोणाला नुकसानभरपाई देण्याचा अधिकार नाही.