शांघायच्या जुन्या बाजारात

मुंबईच्या फोर्टमधले केनेसेथ एलियाहू सिनेगॉग आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. १८८४ साली जेकब ससून आणि त्यांच्या भावांनी ते वडील एलियास यांच्या स्मरणार्थ बांधले. हेच एलियास १८४४ साली चीनला गेले होते आणि तिथे त्यांनी ससून पेढीचा व्यापार वाढवला. त्या व्यापारात अफूचा मोठा वाटा होता, हेही सांगायला हवे. पुढे जेकब यांच्याच पैशातून शांघायमध्ये त्यांच्या पत्नीच्या नावे ओहेल रेचल सिनेगॉग उभे राहिले. ते १९२० साली पूर्ण झाले.

शांघायला जाणारे बहुतेक जण नदीकाठच्या बंडवर फोटो काढून परततात. आम्ही नदीच्या वळणापलीकडे होंगकौला गेलो. तिथे दगडी चौकटीच्या दारांची, गल्लीला गल्ली लागून असलेली जुनी घरे आहेत. नाझींच्या छळातून निसटलेले सुमारे अठरा ते वीस हजार यहुदी या शहरात आले, कारण इथे उतरायला व्हिसा लागत नव्हता. फेब्रुवारी १९४३ मध्ये जपानी अधिकाऱ्यांनी त्यांना होंगकौमधल्या जेमतेम अडीच चौरस किलोमीटरच्या भागात राहण्याचा हुकूम काढला. एकेका खोलीत कितीतरी माणसे आणि बाजूला तितकेच गरीब चिनी शेजारी. तिथले १९२७ सालचे ओहेल मोशे सिनेगॉग आता निर्वासितांचे संग्रहालय आहे.

जुन्या वस्तूंचे बाजार शनिवार-रविवारी भरतात. शब्बाथ पाळून आम्ही रविवारी सकाळी डुओलुन रस्त्यावर गेलो. माओचे बिल्ले, बंद पडलेली घड्याळे, पिवळे पडलेले फोटो. आमचे डोळे मात्र हिब्रू अक्षरे शोधत होते.

त्याला कारण आहे. शांघायमध्ये यहुद्यांची चार कबरस्ताने होती. १९५० नंतरच्या दशकात ती शहराबाहेर पश्चिमेला हलवली गेली आणि सांस्कृतिक क्रांतीत उद्ध्वस्त झाली. दगड गावोगाव पांगले. कुणी त्यांच्यावर कपडे धुतले, कुणी ते पायरीला लावले. २००१ च्या सुमारास द्विर बार-गाल या इस्रायली पत्रकाराला जुन्या वस्तूंच्या दुकानात असा एक दगड दिसला. त्यानंतर गावे पालथी घालून त्यांनी शंभराहून अधिक दगड शोधले.

आम्हाला एकही अक्षर सापडले नाही. रिकाम्या हातांनी परतताना मनात आले ते आपले कोकण. नवगाव, रेवदंडा, अलिबाग, पेण. आपली आडनावे या गावांवरून आली, पण तिथल्या कबरींवरचे मराठी आणि हिब्रू लेख वाचणारे आता किती उरले? शांघायचे दगड उखडले गेले. आपले नुसते झिजत आहेत.

म्हणून वाचकहो, पुढच्या वेळी गावी गेलात तर मेणबत्ती लावाच, पण वहीही सोबत न्या. दगडावरचे नाव, बापाचे नाव, साल, सगळे उतरवून घ्या. अक्षरे अजून लागतात, तोवरच हे काम होईल.