मेणाचा नमुना आणि लोखंडी जहाज

कामगारांच्या सभांत आम्ही एक तक्रार वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. साहेब घड्याळ घेऊन यंत्राशी दहा मिनिटे उभा राहतो आणि तेवढ्यावरून आठ तासांचे काम ठरवतो. लहानाचे माप मोठ्याला असे सरसकट लावता येते काय? हाच प्रश्न जहाजांच्या बाबतीत ज्याने सचोटीने सोडवला, त्या विल्यम फ्रूडची हकीकत आज सांगावयाची आहे.

फ्रूड 1810 साली इंग्लंडातील डेव्हन परगण्यात जन्मला. ब्रुनेल या नामांकित इंजिनिअरच्या हाताखाली त्याने रेल्वेचे काम केले. त्या काळी नव्या जहाजाला पाणी किती विरोध करील, हे ते पाण्यात उतरल्यावरच नीट कळे. अंदाज चुकला की कोळसा अधिक जळे, आणि तो भट्टीत लोटणाऱ्याची पाठ मोडे.

लहान नमुने ओढून पाहण्याचे प्रयत्न झाले होते. पण त्यांवर जाणत्यांचा भरवसा नव्हता. 1869 साली ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने खरी जहाजेच ओढून पाहावीत, असा कौल दिला. समितीत असूनही फ्रूडने आपले वेगळे मत नोंदवले. त्याला आधार होता. 1867 साली त्याने डार्ट नदीत दोन घाटांचे, 3, 6 आणि 12 फुटी नमुने ओढून पाहिले होते. वेग लांबीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात ठेवला, की लहानमोठ्या नमुन्यांभोवती लाटा सारख्याच आकृतीच्या उठतात, हे त्याने ताडले.

समजा, नमुना जहाजाच्या सोळाव्या हिश्शाएवढा आहे. जहाजाचा वेग 12 नॉट, तर नमुना 3 नॉटने ओढावा. मग लाटांमुळे होणारा विरोध जहाजाला सुमारे 4096 पट होतो. पण पाण्याचे अंगाशी होणारे घर्षण या हिशेबात बसत नाही. म्हणून फ्रूडने निरनिराळ्या लांबीच्या, निरनिराळ्या पृष्ठभागांच्या फळ्या ओढून ते वेगळे मोजले. एकूण विरोधातून नमुन्याचे घर्षण वजा करावयाचे, उरलेले वाढवावयाचे आणि जहाजाचे घर्षण पुन्हा मिळवावयाचे, ही त्याची रीत.

नौदल खात्याने 2000 पौंड मंजूर केले. टॉर्की येथे 278 फूट लांबीचा हौद बांधून 1872 सालापासून त्यात मेणाचे नमुने ओढले जाऊ लागले. मेण अशासाठी, की ते कापून घाट चटकन बदलता येतो. मात्र मेणावर विसंबून तो स्वस्थ बसला नव्हता. 1871 सालीच ‘ग्रेहाउंड’ हे खरे जहाज त्याने दुसऱ्या जहाजामागे बांधून समुद्रात ओढवले होते. त्याचे आकडे नमुन्याच्या हिशेबाशी जुळले. जो किंचित फरक राहिला, त्याचे कारण त्याने तळाच्या खडबडीत तांब्याच्या पत्र्यात शोधले.

1879 साली तो वारला. मुलगा रॉबर्ट याने काम पुढे चालवले. आमच्या पुण्याजवळ खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्रात बंदरांचे नमुने करतात, तेथेही हाच नियम लागतो.

नमुन्यावरून बोलणाऱ्या साहेबाशी आमचे भांडण नाही. पण पाण्याच्या घर्षणासारखाच माणसाचा थकवाही वेगळा मोजावा लागतो, आणि मापाचा पडताळा पूर्ण पाळीभर, खऱ्या कामावर घ्यावा लागतो. एवढे साहेबांनी केले, तर त्यांचा आकडा आम्ही खुशाल मान्य करू.