फारशीजाणत्याचें इंग्रजी शब्दज्ञान

पनवेलच्या खाडीच्या मुखाजवळ दिवाळे हें कोळ्यांचें जुनें गांव आहे. शेजारच्या टेकाडावर बेलापूरच्या किल्ल्याचे अवशेष असून सभोंवार आतां नवी मुंबई वसली आहे. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे व १८१७ पासून इंग्रज असे या किल्ल्याचे धनी बदलत गेले. जवळच शहाबाज नांवाचें गांव आहे, व जुन्या लेखांत बेलापुरासहि तेंच नांव लाविलेलें आढळतें. फारशींत शाहबाज म्हणजे राजाच्या शिकारीचा थोर ससाणा. धनी गेले, पण शब्दांचा ठेवा राहिला. बंदर, दर्या, जहाज, खलाशी हे फारशीच्या द्वारें आलेले शब्द आमच्या किनाऱ्यावर घरोघर आहेत; कोळ्यांचा नाखवा तर फारशी नाखुदाचेंच, म्हणजे नावेच्या धन्याचेंच, रूप होय. बोलणाऱ्यास आपण फारशी बोलतों याची जाणीवहि नसते.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र जाणून-बुजून शब्द शिकणाऱ्याचा आहे. ज्यास फारशी चांगली अवगत आहे त्यानें इंग्रजींतील उच्च शब्द, म्हणजे न्याय, राजकारण, शास्त्र व सूक्ष्म विचार यांचे शब्द, कसे आत्मसात करावे? हा प्रश्न एके काळीं आपल्याकडील मुनशी व कारकून मंडळींच्या पोटापाण्याचा होता. पुण्यास शिकावयास येणाऱ्या इराणी व अफगाण विद्यार्थ्यांपुढें तो आजहि उभा राहतो. आणि फारशी, मोडी व इंग्रजी कागद एकत्र मांडून वाचणाऱ्या संशोधकासहि तो टाळतां येत नाहीं.

१. फारशीचा येथील अधिकार केवढा होता हें कै. राजवाडे यांनीं आकड्यांनीं दाखविलें आहे. त्यांनीं तपासलेल्या १६२८ च्या पत्रांत २३६ शब्दांपैकीं २०२ फारशी निघाले. १६७७ च्या पत्रांत १३५ पैकीं ५१. आणि १७२८ च्या पत्रांत १२७ पैकीं अवघे ८. मध्यंतरीं शिवछत्रपतींच्या आज्ञेनें राजव्यवहारकोश सिद्ध झाला, हें वाचकांस विदित आहेच. परंतु दरबारादरबारांमधील व्यवहारांत फारशी टिकून होती. कंपनीशीं होणाऱ्या पत्रव्यवहारांत व तहांच्या प्रतींत इंग्रजीबरोबर ती बसत असे. इंग्रज प्रथम फारशी शिकले. फारशीजाणत्यांवर इंग्रजी शिकण्याची पाळी मागाहून आली.

हा पालट एका पुरुषाच्या चरित्रांत स्पष्ट दिसतो. मुल्ला फिरोज यांचा जन्म १७५८ मध्यें भडोचेस झाला. वयाच्या दहाव्या वर्षीं, १७६८ मध्यें, ते वडील मुल्ला काऊस यांजबरोबर इराणांत गेले आणि १७८० मध्यें परतले. मुंबईस त्यांची फारशीचे थोर पंडित म्हणून ख्याति झाली व गव्हर्नर जोनाथन डंकन यांचा त्यांच्याशीं विद्याव्यासंग जडला. त्यांनीं इंग्रजांच्या हिंदुस्थानांतील विजयांवर जॉर्जनामा हें फारशी महाकाव्य रचिलें. मुल्ला १८३० मध्यें निवर्तले व काव्य छापून निघालें १८३७ मध्यें. त्याच वर्षींच्या २९ व्या कायद्यानें बंगाल इलाख्यांतील न्याय व महसूल यांच्या कामांतून फारशी दूर करण्याची मोकळीक गव्हर्नर जनरलास मिळाली. इंग्रजांचे पोवाडे फारशींत छापले जात असतांच त्या भाषेचें दफ्तर बंद होऊं लागलें!

२. आतां शिकण्याच्या साधनांकडे वळूं. विल्यम जोन्सचें फारशी व्याकरण १७७१ चें. रिचर्डसनच्या कोशाचा फारशीवरून इंग्रजीचा भाग १७७७ मध्यें निघाला व इंग्रजीवरून फारशीचा १७८० मध्यें. मराठींतहि हाच क्रम आहे: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, आणि कँडीनें पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. रयतेचें म्हणणें कळणें ही राज्यकर्त्याची पहिली गरज होती. राज्यकर्त्याचें म्हणणें रयतेस कळावें ही सोय मागाहून झाली. शिवाय हे सर्व कोश वर्णानुक्रमाचे. तसा कोश शब्द शोधण्यास उत्तम, पण शिकण्यास तितका सोयीचा नाहीं. कारण त्यांत न्यायाधीश एका टोंकास व जामीन दुसऱ्या टोंकास पडतो. आमच्या जुन्या शिक्षणांत अमरकोश वर्गवारीनें पाठ होत असे. फारशी मुलें अबू नसर फराही याच्या निसाबांतून अरबी शब्द पद्यांत घोकीत. राजव्यवहारकोशहि दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत श्लोकबद्ध आहे. जे शब्द व्यवहारांत एकत्र नांदतात ते एकत्र शिकावे, हें या पद्धतीचें मर्म इंग्रजी शिकणाऱ्यासहि उपयोगी आहे.

३. फारशीजाणत्याजवळ याहून मोठें भांडवल आहे, व त्याकडे सहसा लक्ष जात नाहीं. फारशीचा पाया इराणी असून तिचे विद्वत्तेचे शब्द बहुतेक अरबी आहेत. इंग्रजीचा पाया सॅक्सन असून तिचे विद्वत्तेचे शब्द फ्रेंच, लॅटिन व ग्रीक आहेत. घर निराळें, पण माड्या तशाच. साधी विचारणा करणें म्हणजे फारशींत पुर्सीदन, इंग्रजींत आस्क. त्यावरची पायरी सवाल, इकडे क्वेश्चन. त्याहून वरची इस्तिफ्सार, इकडे इंटरॉगेट. तिन्ही शब्दांचा अर्थ एकच असें घोकणारा फसतो. कोणता शब्द घरांतला, कोणता सभेंतला व कोणता अदालतींतला, ही जाण फारशी शिकतांना अंगीं बाणलेली असते. तीच येथें लावावयाची असते.

कुलांचेंहि तसेंच. किताब, कातिब, मक्तब, मक्तूब हे सर्व लिहिण्याच्या एका धातूचे. मराठी दफ्तरांतील कतबा त्यांचाच भाऊबंद. इकडे स्क्राइब, स्क्रिप्ट, डिस्क्राइब, सबस्क्राइब, प्रिस्क्रिप्शन हे लॅटिनमधील लिहिण्याच्याच धातूचे. अरबींत धातूच्या पोटांतील स्वर पालटतात, लॅटिनमध्यें पुढें उपसर्ग व मागें प्रत्यय लागतात, एवढाच भेद. आणि उपसर्गांची संवय तर फारशीनेंच बे, ना, हम यांनीं लाविलेली असते. हमदर्दी हा शब्द फोडून पाहा: हम म्हणजे सह, दर्द म्हणजे वेदना. कंपॅशन हा लॅटिन शब्द तसाच फुटतो व सिंपथी हा ग्रीकहि तसाच. ज्यानें एक फोडला त्यास तिन्ही साधले. सुटे शंभर शब्द महिन्यांत विसरतात. कुलासह शिकलेले वीस शब्द पुढें आपणच नवे शब्द ओळखूं लागतात.

कांहीं इंग्रजी शब्द तर परके वाटले तरी घरचेच आहेत. एक्स्चेकर म्हणजे इंग्लंडचा राजकोश. हा शब्द बुद्धिबळाच्या पटावरून आला. तसल्या चौकडीच्या कापडावर तेथें हिशेब मांडीत. त्या पटाचें नांव ज्या शब्दावरून पडलें तो शब्द म्हणजे फारशी शाह.

४. परंतु सादृश्य हें शस्त्र दुधारी आहे. बरादर व ब्रदर, नाम व नेम हे शब्द खरोखर एका मुळाचे. म्हणून फारशी बद व इंग्रजी बॅड यांसहि कोणी एक मानील तर तें चूक होईल. अर्थ व उच्चार जुळले तरी तो केवळ योगायोग आहे.

कोशावर अंध विश्वास ठेवण्याचें फळ मुल्ला फिरोज यांच्याच एका ग्रंथांत दिसतें. त्यांच्या वडिलांस इराणांत मिळालेलें दसातीर हें पुस्तक त्यांनीं १८१८ मध्यें मुंबईस छापिलें. इंग्रजी भाषांतर डंकन यांनीं आरंभिलें होतें. डंकन १८११ मध्यें वारल्यावर मुल्लांनीं तें विल्यम अर्स्किन यांच्या साहाय्यानें पुरें केलें. ग्रंथ अतिप्राचीन आहे असा मुल्लांचा प्रामाणिक समज होता. पण त्याची मूळ म्हणविलेली भाषा बनावट असल्याचें पुढें सिद्ध झालें. ते कृत्रिम शब्द तोंपर्यंत गोवळकोंड्यास सतराव्या शतकाच्या मध्यास रचलेल्या बुर्हान-इ-काती या मान्यवर कोशांतहि शिरले होते व तेथून कवींच्या लेखणींत उतरले. कोशांत शब्द आहे एवढ्यावरून तो कोणाच्या तोंडीं होता असें ठरत नाहीं.

५. सर्वांत घातक चूक ओळखीच्या शब्दाची. राजीनामा हा शब्द घ्या. फारशींत त्याचा अर्थ संमतीचा लेख. मराठेशाहींत वाद पंचायतीपुढें गेला म्हणजे होणारा निवाडा मान्य करूं, असा राजीनामा वादी-प्रतिवादींकडून लिहून घेत व त्यास जामीन घेत. इंग्रजी अंमलांत जमिनीचा कब्जा सोडून देण्याच्या लेखास राजीनामा म्हणूं लागले, आणि आज तर हा शब्द ऐकतांच नोकरी सोडणेंच मनांत येतें. आतां जुन्या वादांतील असा कागद इंग्रजींत उतरवितांना कोणी राजीनाम्यास रेझिग्नेशन म्हटलें, तर ज्या माणसानें न्याय मागितला त्यानें हक्क सोडला असें ठरेल! एका शब्दानें वतन जाईल. पुरसीस हा शब्दहि तसाच: फारशींत पुर्सिश म्हणजे विचारपूस, पण आमच्या न्यायालयांत पक्षकारानें आपलें म्हणणें कळविण्यास दिलेला लेख. खुशामद म्हणजे मूळ स्वागत, मराठींत ती लांगूलचालन झाली; तालीम म्हणजे शिक्षण, तिचा आमच्याकडे आखाडा झाला. मराठी-फारशी व फारशी-इंग्रजी अशा दोन उड्या घेणाऱ्यानें मधल्या पायरीवर शब्द कोणत्या वर्षीं कोणत्या अर्थानें उभा होता तें पाहिलेंच पाहिजे.

या कामीं मार्ग दाखविणारें मराठी साधनहि आहे. माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवि माधव जूलियन, यांचा फार्शी-मराठी कोश पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळानें १९२५ मध्यें प्रसिद्ध केला. मोल्सवर्थनें तर त्यापूर्वींच अनेक शब्दांपुढें अरबी, फारशी वा संस्कृत हें मूळ अक्षरांनीं दाखविलें आहे. हे दोन कोश एकत्र उघडून बसणाऱ्यास शब्द कोठून आला व येथें येऊन काय झाला, हें दोन्ही कळतें.

तात्पर्य, उच्च शब्द संख्येनें शिकतां येत नाहींत. त्यांचें कूळ, त्यांची पायरी व त्यांचा कागद हीं तिन्ही ठाऊक असावीं लागतात. फारशीजाणत्यास पहिलीं दोन अनायासें साधतात, म्हणून तिसऱ्याविषयीं त्यानें अधिक सावध असावें. दिवाळ्याच्या नाखव्यास नाखुदा माहीत नसला तरी त्याची होडी अडत नाहीं, कारण त्याचा शब्द रोजच्या कामांत आहे. आम्ही मात्र दुसऱ्याचे जुने कागद वाचतों. आमच्या हातून अर्थ चुकला तर ज्याचा कागद असेल त्याची बाजू बुडते, आणि ती सांगावयास तो आतां येऊं शकत नाहीं.