खुणेचा दगड ओळखताना

इनामगावची पांढर घोड नदीच्या उजव्या काठावर आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले आणि तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे, चुली, धान्याची पेवे उजेडात आणली. अशा उत्खननात प्रत्येक खापराची खोली एका पक्क्या बिंदूपासून मोजतात. तो बिंदू हलला, तर कोणता थर आधीचा आणि कोणता नंतरचा, हा सगळा हिशेब चुकतो.

जमिनीच्या वरही इनामगावच्या या शिरूर-दौंड भागात अशा पक्क्या बिंदूंना मोठा इतिहास आहे. जुन्या मोजणीच्या खुणा शोधण्याचा छंद ज्याला लागतो, त्याला आधी तीन जातींचे दगड वेगळे करता यावे लागतात. एक शेताच्या हद्दीचा, दुसरा डोंगरमाथ्यावरचा, तिसरा उंचीचा.

हद्दीच्या दगडामागे साऱ्याची कहाणी आहे. पुणे जिल्ह्यात इंग्रजी अमलातली पहिली मोठी मोजणी १८२०च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट कीथ प्रिंगल यांनी केली. जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवायचा, हा त्यांचा हिशेब कागदावर नेटका होता. प्रत्यक्षात तो सारा झेपेना आणि कुणबी शेते टाकून निघून गेले. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नव्याने काम हाती घेतले. त्यांनी सारा उतरवला आणि तीस वर्षांसाठी कायम केला. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. सर्व्हे नंबरांच्या हद्दींवर दगड रोवले गेले, बांध घातले गेले आणि मापे टिपणांत उतरली.

तीस वर्षे सरली. १८६७ मध्ये इंदापुरापासून फेरआकारणी सुरू झाली आणि सारा वाढला. त्यात कापसाचे भाव कोसळले, सावकाराचे कर्ज चढले. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. ते लोण शिरूर तालुक्यातही पोहोचले. ठिकठिकाणी कर्जरोखे जाळले गेले.

पुढे १९४७च्या कायद्याने तुकडेजोड आली. अनेक सर्व्हे नंबर एकेका गटात गेले आणि कित्येक जुने दगड रानाच्या मधोमध राहिले. म्हणून नुसता दगड पाहून काही ठरवता येत नाही. टिपण हाती घेऊन दुसऱ्या ओळखीच्या खुणेपासून अंतर जुळवावे लागते.

डोंगरमाथ्यावरची खूण वेगळी. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची ती पद्धत. खडकात कोरलेले वर्तुळ आणि त्याच्या मध्यभागी टिंब. काही ठिकाणी त्यावर चुनेगच्ची खांबही बांधला जाई. काम संपले की ही ठाणी जपण्यासाठी स्थानिक अधिकाऱ्यांच्या हवाली होत. लॅम्बटन स्वतः काम चालू असतानाच १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर अशा ठाण्याची जागा त्रिकोणाने दाखवतात. शिरूर-दौंडचा हा टापू ‘४७ जे’ या पत्रकात येतो.

तिसरी जात तलांकाची, म्हणजे बेंचमार्कची. उंची मोजण्याचे अचूक काम १८५८ मध्ये सुरू झाले. मुंबईच्या अपोलो बंदरासह नऊ बंदरांवर भरती-ओहोटीच्या नोंदी घेऊन समुद्राची सरासरी पातळी ठरवली गेली आणि १९०९ मध्ये देशभरचे जाळे पूर्ण झाले. नागपूरच्या झिरो माइलजवळचा १९०७चा तलांक सगळ्यांना ठाऊक आहे. साधे तलांक मात्र नजरेतून निसटतात. मोजणीच्या वाटा सडक आणि रेल्वेच्या कडेने गेल्या, त्यामुळे जुने पूल, मोऱ्या, देवळांच्या पायऱ्या आणि स्टेशनांचे ओटे नीट न्याहाळावेत. ‘जीटीएस’ (ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे) आणि ‘बीएम’ (बेंचमार्क) ही रोमन अक्षरे कोरलेली दिसली, की ओळख पटते.

रस्ते रुंद होताना जुन्या मोऱ्या पाडल्या जातात आणि त्यांच्यासोबत ही अक्षरेही जातात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ नुसार हद्दीची निशाणी जपण्याची जबाबदारी जमीनधारकावर आहे आणि ती बिघडवणाऱ्याला दंड होतो. खूण सापडली तर ती जागची हलवू नये. छायाचित्र, गावाचे नाव, गट नंबर, कोरलेली अक्षरे आणि जवळच्या पक्क्या बांधकामापासूनचे अंतर टिपून ठेवावे. पुढे मोरी पाडली गेली, तरी दगड नेमका कुठे होता हे त्या नोंदीवरून सांगता येते.