चाकांवरचा गारवा

उन्हाळ्याच्या तोंडावर कूलरला नवा वाळा लावायचा, हा आम्हा भंडाऱ्याकडच्यांचा नेम. इंग्रजी अमदानीत हीच युक्ती आगगाडीतही होती, बरं का! साहेबाच्या डब्याला वाळ्याचे पडदे. ते भिजते ठेवायला माणूस. कोरड्या हवेत झकास, पण पाऊस सुरू झाला की पाणी उडेना आणि गारवा संपला. म्हणून १९३४ साली मुंबई-पेशावर फ्रंटियर मेलच्या वातानुकूलित डब्याखाली चक्क बर्फाच्या लाद्या ठेवल्या. पंखा त्यांवरची गार हवा आत ढकली. बर्फ वितळला की वाटेतल्या स्टेशनात पुन्हा भरायचा. तो भरणाऱ्यांचं नाव मला कुठे सापडलं नाही. आता मोटारहोमवाले कुरकुरतात, एसीची जाळी आपल्यालाच धुवावी लागते म्हणून!