आधी रोबॉट, मग गोष्ट

'पॉवर रेंजर्स' आठवतंय? जेटिक्सवर हिंदीत डब होऊन लागायचं. पाच रंगांचे पाच वीर, रबरी राक्षस, मग शेवटच्या काही मिनिटांत राक्षस इमारतीएवढा होणार, पाच यंत्रं धावत येणार, खटाखट एकमेकांना जोडली जाणार आणि एक भला थोरला रोबॉट उभा राहणार. दर भागात तेच. आणि दर भागात पोरं तेच बघायला बसायची.

हे जोड-रोबॉट जमवणारी मोठी माणसं जगभर आहेत. चांगल्या नोकऱ्या करणारी, घराचे हप्ते भरणारी. "टीव्हीवरच्या मालिकेची खेळणी काय जमवता या वयात?" हे त्यांना घरी ऐकावं लागतंच. त्यावर इतिहासाकडे एक फर्मास उत्तर आहे: ही मालिकेची खेळणी नव्हेत, मालिकाच या खेळण्यांची आहे. ही उलटापालट कशी झाली ते सांगतो.

मूळ जपानी मालिकांना 'सुपर सेंताई' म्हणतात. सेंताई म्हणजे लढाऊ तुकडी. पहिली 'गोरेंजर' १९७५ ची. कल्पना चित्रकथाकार शोतारो इशिनोमोरी यांची, निर्मिती तोएई कंपनीची. गंमत म्हणजे तिच्यात महाकाय रोबॉट नव्हताच! रोबॉट वाढत होता शेजारच्या घरात, म्हणजे कार्टूनमध्ये. १९७२ च्या 'माझिंगर झेड'मधला रोबॉट ज्या काल्पनिक धातूचा होता, त्याचं नाव 'चोगोकिन', सुपर-मिश्रधातू. बांदाईच्या पॉपी नावाच्या उपकंपनीने १९७४ मध्ये खऱ्याखुऱ्या ओतीव धातूचा छोटा माझिंगर काढला आणि हेच नाव त्याला देऊन टाकलं. मुठीत मावणारा, पण हाताला वजन जाणवणारा. पोरं तुटून पडली.

त्याच वर्षी 'गेटर रोबो' आलं. तीन विमानं एकमेकांवर आदळून एक रोबॉट. कल्पना झकास, पण चालायची ती फक्त कागदावर. चित्रकार विमान रबरासारखं ताणू शकतो. खेळणं बनवणाऱ्याने काय ताणायचं? १९७६ च्या 'कॉम्बॅट्लर व्ही'मध्ये मात्र पाच यंत्रं अशी आखली गेली की ती हातात खरोखर जोडता यावीत. पॉपीचे डिझायनर कात्सुशी मुराकामी यांचा यात मोठा वाटा. इथे पारडं फिरलं. आधी खेळणं जमतंय का ते बघायचं, मग त्याच्याभोवती गोष्ट रचायची.

आता या सगळ्यात स्पायडरमॅन कुठून आला म्हणाल. १९७८ मध्ये तोएईने मार्व्हलशी करार करून स्वतःचा जपानी स्पायडरमॅन काढला. जाळंबिळं ठीक आहे हो, पण दुकानात विकायचं काय? म्हणून त्याला एक अवकाशयान दिलं, जे बदलून लिओपार्डन नावाचा रोबॉट होतं. न्यूयॉर्कच्या पीटर पार्करला हे कळलं असतं तर चक्कर आली असती. :) लिओपार्डनचं खेळणं चांगलंच खपलं. पुढच्याच वर्षी 'बॅटल फीव्हर जे' या सेंताईत पहिला महाकाय रोबॉट आला. तो एकसंध होता, आपल्या दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात लागलेल्या 'जायंट रोबॉट'सारखा (तोही मूळचा तोएईचाच, १९६७ चा). मग १९८१ च्या 'सन व्हल्कन'मध्ये दोन यंत्रं जोडून एक रोबॉट झाला. सेंताईतला हा पहिला जोड-रोबॉट. पुढच्या वर्षी 'गॉगल फाइव्ह'मध्ये तीन यंत्रं, आणि १९८७ च्या 'मास्कमॅन'मध्ये पाचांची पाच.

खऱ्या माणसांच्या मालिकेत एक वेगळीच अडचण असते. पडद्यावर लढणारा रोबॉट म्हणजे आत माणूस असलेला पोशाख. त्याला गुडघे वाकवायचे असतात, तलवार फिरवायची असते. खेळण्याला परत सुटं होऊन यंत्रं व्हायचं असतं, म्हणून ते बिचारं ठोकळ्यासारखं. यावर तोडगा असा: जोडणी छोट्या प्रतिकृतींवर चित्रित करायची, शेवटचा खटका बसला की कट, आणि पुढच्या शॉटमध्ये पोशाखातला माणूस. नीट बघितलंत तर कटनंतर रोबॉट अचानक सडपातळ झालेला दिसतो. लढाई माणसाची, पण पोरं ज्याची वाट बघतात तो जोडणीचा क्षण खेळण्याचा. शुद्ध डेमो!

माझा सगळ्यात आवडता नमुना १९९२ च्या 'झ्युरेंजर'मधला. टायरॅनोसॉरसचं धड, मॅमथचे हात आणि ढाल, ट्रायसेराटॉप्स आणि सुळेवाला वाघ हे दोन पाय, टेरानोडॉनची छाती. मग सहावा वीर त्याचा ड्रॅगन सीझर घेऊन येतो. आता टायरॅनोसॉरस बाजूला ठेवा, तेच हात आणि तेच पाय ड्रॅगनला लावा, की दुसराच रोबॉट तयार. खाचा त्याच, खुंट्या त्याच. आपल्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस तोच ठेवून इम्प्लिमेंटेशन बदललं. आपल्याला हे कॉलेजात चार लेक्चरं ऐकून समजतं, तिथलं सहा वर्षांचं पोर जमिनीवर बसून करत होतं.

हीच खेळणी मालिकेशिवाय किती चालतात, याचा एक प्रयोगही आपोआप होऊन गेला. ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात बांदाईने अमेरिकेत ती 'गोडायकिन' या नावाने विकली. किंमत चढी, आणि मालिका तिथे लागतच नव्हत्या. गॉगल फाइव्ह कोण आणि कुठले, कोणाला पत्ता नाही. धंदा म्हणून प्रकार फसला. तरी तिकडच्या जुन्या संग्राहकांत गोडायकिनपासून सुरुवात केलेले भेटतात. गोष्ट माहीत नव्हती, पण खटका तर बसत होता! पुढे हाइम साबान यांनी जपानी लढाया आणि अमेरिकन नट एकत्र करून ऑगस्ट १९९३ मध्ये 'पॉवर रेंजर्स' आणलं. 'झ्युरेंजर'चाच रोबॉट तिथे 'मेगाझॉर्ड' झाला आणि त्या नाताळात दुकानांत मिळेनासा झाला. २०१८ मध्ये हॅस्ब्रोने हा ब्रँड ५२.२ कोटी डॉलरना घेतला.

संग्राहकाचं खरं दुखणं मात्र वेगळं आहे. पुस्तकाचं एक पान गेलं तरी पुस्तक वाचता येतं. पाचातला एक भाग गेला तर रोबॉटच राहत नाही, उरतात चार विचित्र प्राणी. म्हणून एका हरवलेल्या मुठीसाठी, एका तलवारीसाठी माणसं वर्षानुवर्षं शोधत बसतात. त्यात आणखी पेच असा की दर जोडणीला सांधा थोडा सैल होतो, चकाकी थोडी उडते. पांढरं प्लास्टिक उजेडात पिवळं पडतं. खोका न उघडता ठेवला तर किंमत टिकते, पण मग ज्यासाठी ही वस्तू जन्माला आली ते घडतच नाही.

२०२५ मध्ये 'गोजुजर'ने सेंताईची पन्नाशी साजरी केली, आणि त्याच वर्षी जाहीर झालं की ही परंपरा इथे थांबणार. मला वाटतं, गेल्या काही वर्षांत खेळण्यांचा जीव सांध्यातून निघून आवाज करणाऱ्या किल्ल्या आणि बॅटऱ्यांमध्ये गेला होता (२०११ च्या 'गोकायजर'मधल्या किल्ल्या आठवा). ही सगळी जाहिरातबाजीच होती, यात वाद नाही. पण जाहिरातीत दाखवलं ते घरी आणून स्वतःच्या हाताने करता यायचं. आपल्या धंद्यात डेमो एक आणि डिलिव्हरी भलतीच, हे रोज बघणाऱ्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

असो. ऑनसाइट म्हणून टोकियोला गेलात तर नाकानो ब्रॉडवेला चक्कर मारा. जुन्या खेळण्यांची दुकानं ओळीने आहेत. एखादा रोबॉट घेतलाच तर आधी मुठी आणि तलवार आहे का बघा. आणि हॉटेलवर आल्यावर, किंमत जाऊ दे, एकदा जोडून बघा.