वाचनालयाचा पहिला वाटा कोणाचा?

सीमाभागातील मराठी वाचनालयांच्या वार्षिक सभांत जमाखर्च वाचून झाला की एक प्रश्न हटकून उठतो : अनुदान कोण देणार? एका छोट्या वाचनालयाचे कायदेशीर काम विनामूल्य पाहत असल्याने हा प्रश्न मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. प्रश्न रास्त आहे. परंतु तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा भाग बडोदे संस्थानाच्या इतिहासात सापडतो.

महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानास लागू केला. मात्र शाळा सुटल्यावर हाती पुस्तक नसेल, तर शिकलेली अक्षरे विसरली जातात. ग्रंथालयाची गरज या अनुभवातून पुढे आली. त्याच १९०६ साली मोतीभाई अमीन या शिक्षकाने ‘मित्रमंडळ’ वाचनालयांची चळवळ सुरू केली. म्हणजे दरबाराचे ग्रंथालय खाते निघण्यापूर्वीच गावकरी वर्गणी काढून वृत्तपत्रे व पुस्तके आणू लागले होते. १९१० मध्ये महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास पाचारण केले, मध्यवर्ती ग्रंथालय स्थापिले आणि राजवाड्यातील आपला ग्रंथसंग्रह त्यास दिला.

या योजनेतील खरा मर्माचा भाग तिच्या आर्थिक नियमांत होता. गावकऱ्यांनी ठरावीक रक्कम जमवली, की तेवढीच रक्कम दरबार देई आणि तेवढीच स्थानिक मंडळ देई. वर्षाला खेड्यासाठी ५० रुपये, मोठ्या गावासाठी ३०० आणि प्रांताच्या मुख्य ठाण्यासाठी ७०० रुपये अशी मर्यादा असे. इमारत बांधायची असली तरी एक तृतीयांश वाटा लोकांनीच उचलायचा. लोकांचा रुपया आधी पडला, तरच उरलेले दोन येत. जेथे वाचनालय नव्हते तेथे फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या जात. त्यांच्या वाहतुकीचा खर्च दरबार सोशी. परंतु पेटी ताब्यात घेणे, पुस्तके देणे-घेणे आणि हिशेब ठेवणे हे काम गावातील शिक्षक किंवा एखादा विश्वासू गृहस्थ करी. सगळी व्यवस्था अशा माणसांच्या खांद्यावर उभी होती.

मराठी वाचकांस या इतिहासाशी नाते सांगण्याचा अधिकार आहे. बॉर्डन परत गेल्यावर खात्याची धुरा जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी सांभाळली. १९१२ पासून निघालेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या नियतकालिकात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी विभागही होता. गुजराती बहुसंख्य असलेल्या राज्यात मराठीला हे स्थान मिळाले आणि त्यामुळे गुजराती वाचनालयांचे काही उणे झाले नाही.

तरीही बडोद्याचे गोडवे गाऊन थांबणे योग्य नव्हे. आधी वर्गणी, मग अनुदान हा नियम गरीब वस्तीला जड जातो. शिवाय राजाश्रय राजाबरोबर जातो. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. टिकाऊ आधार हवा तर कायदा हवा.

येथे सीमाभागाची अडचण सुरू होते. बेळगावात १८४८ पासून वाचनालयाची परंपरा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा प्रदेश मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. पुढे १९६५ मध्ये म्हैसूर राज्याने आणि १९६७ मध्ये महाराष्ट्राने ग्रंथालय कायदा केला. दोहोंची घडण भिन्न आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात लोकांनी चालवलेल्या संस्थांना मान्यता व अनुदान देण्यावर भर आहे. कर्नाटकाच्या कायद्यात स्थानिक करांवर ग्रंथालय उपकर बसवून शासकीय ग्रंथालये चालवण्यावर भर आहे. लोकवर्गणीवर वाढलेली आपली वाचनालये पहिल्या घडणीची आणि राहतात दुसरीच्या हद्दीत.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, घरपट्टीबरोबर हा उपकर मराठी भाषकही भरतो. म्हणून शासकीय ग्रंथालयात मराठी पुस्तके व वृत्तपत्रे मागणे ही याचना नव्हे; ती करदात्याची मागणी आहे. ती लेखी करावी, पोच घ्यावी आणि उत्तर न आल्यास पाठपुरावा करावा. कन्नड पुस्तके कमी करा, असे त्यात कोठेही म्हणावे लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. सायंकाळी दोन तास कुलूप उघडून बसणारा निवृत्त शिक्षक, फाटकी पुस्तके बांधून देणारी गृहिणी, पावती पुस्तक घेऊन दारोदार फिरणारा तरुण, ही माणसे कोणताही कायदा पुरवू शकत नाही. आपल्या बहुतेक वाचनालयांत ती आता सत्तरीकडे झुकली आहेत. त्यांच्या जागी कोण बसणार, याचा ठराव मात्र आपल्या सभांत क्वचितच येतो.

यंदाच्या सभेत अनुदानाचा विषय जरूर घ्यावा. परंतु विषयपत्रिकेवर त्याच्या आधी एक विषय असावा : आठवड्यातील कोणत्या वारी, किती तास, कोण बसणार? नावे लिहूनच पुढे जावे. बडोद्यात पहिला वाटा लोकांचा होता. आपल्याकडेही तो आपलाच आहे.